डिसेंबरातले स्वर

डिसेंबर लागला की आमच्या बडोद्यात
लग्नांच्या मागोमाग परदेशी स्वरांचे थवे उतरतात.
मी पार्टी-प्लॉटच्या मागल्या खोलीत
गाद्यांच्या गठ्ठ्याआड रेकॉर्डर मांडून बसते.
बँड वाजायच्या आत अठ्ठावीस शब्द,
एकेक दोनदा.

न्यू जर्सीच्या मुलीच्या वॉटरमधला ट
टाळूला टेकतो न टेकतो तोच र होऊन निसटतो.
ऑकलंडची नर्स पेन मागते, ऐकू येते पिन.
नवरदेवाचे काका, जन्म सगळा रावपुऱ्यात,
हात लांब करून सांगतात, डिनर मोठ्या होलमध्ये,
आणि त्याआधी स्नेक्स.
मी हसत नाही, वहीत लिहिते.
हसते ती लेस्टरची आत्या,
जिच्या लव्हचा लुव्ह कधी झाला
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

कॉन्ट्रॅक्टर बाई म्हणतात,
शुद्ध कोण बोलतं हे आपल्या खात्यात विचारायचं नाही.
कुठे, किती वेळा, कोणासमोर, एवढंच विचार.
मान डोलावून मी घरी येते
आणि पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला
की वाक्याच्या शेवटचा ने गिळून टाकते.
ये ने, जेव ने, असू दे ने.
चार पिढ्या दांडिया बाजारात काढल्यावर
लागलेला हा गुजराती ने,
बाराबंदीला राहिलेल्या एका सुट्या नाडीसारखा.

संगणक प्रत्येक स्वराचे दोन आकडे काढून देतो :
जीभ किती वर, जीभ किती पुढे.
ठिपके मांडत गेलं की कागदावर एक वाकडा चौकोन उठतो.
बाईंनी एकदा त्यावर पेन्सिल टेकली. अगं, हे तर जुनं शहर!
नकाशा जरा तिरका धर.
हा चांपानेर दरवाजा, हे पाणीगेट,
खाली गेंडी, इकडे लहेरीपुरा,
आणि मधोमध मांडवी.
मांडवीत जो बसतो
त्या स्वराला इंग्रजीत स्वतःचं अक्षर नाही.
बनानामध्ये दोनदा येतो, दोन्हीदा उधार कपड्यांत.
आपण त्याला ओळखच देत नाही,
ब-ना-ना म्हणत तिन्ही पायऱ्यांवर नीट पाय देतो.
आणि बालवाडीत मात्र
पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे अननस ठेवतो.

रमणीकभाई ठक्कर, वय एकोणऐंशी,
जन्म जिंजाचा, बहात्तरपासून लेस्टर,
सव्वीस वर्षं शहर बससेवेत कंडक्टर.
यादीतला अकरावा शब्द त्यांचाच होता.
पहिल्यांदा म्हणाले, बुस.
दुसऱ्यांदा, बस.
मी विचारलं, यातलं कुठलं धरू?
डेपोत बुस, घरी बस, ते म्हणाले.
मग बराच वेळ यादीकडे बघत राहिले.
जिंजात अमे बसमां बेठा, ते म्हणाले,
ने पाछळ जोयुं नहि.
बारावा शब्द मी पुढे केला
तर त्यांनी तळहात वर धरला.
बस.

तिन्ही उच्चारांतला तिसरा कुठल्याच तक्त्यात बसत नाही.
लांबी पावणेदोनशे मिलिसेकंद,
पुढे बाहेरचा ढोल.

काल रात्री हेडफोन लावून ती फीत पुन्हा ऐकली,
ढोलाच्या किंचित आधी कुणी बाई बोलते :
वन मोर टाइम ने, अंकल.
कोण ही? व जाड, ट मूर्धेवर,
टाइमला नको तितका भार, आणि शेवटी ते.
दोनदा मागे नेऊन ऐकलं.
मग तिचेही आकडे काढले.
ठिपका पडला मांडवीपासून थोडा सरकून,
न्यायमंदिराच्या अंगाला,
जिथे रोज माझी स्कूटर अडते.

नवा अर्ज घेतला. वक्ता क्रमांक एकोणतीस.
वय, शिक्षण, मुक्काम भरून झालं.
मातृभाषेच्या रकान्यात
खाडाखोड न करता लिहिलं :
मराठी ने.