लाटांची उंची : लागू नाही

हा नमुना मुळात समुद्रासाठी छापलेला.
सारंगखेड्याच्या पुलाखाली, टॉर्च दातात धरून
मी रकाने भरतो.
भरती-ओहोटी : लागू नाही.
लाटांची उंची : लागू नाही.
बेपत्ता इसम : सुकलाल झिंगा, वय साठ.
शेवटचा कुठे दिसला?
महारू भोई सांगतो, लिहा,
बुडत्या बाभळीपाशी, म्हशीची शेपटी धरून.

हतनूरचे सोळा दरवाजे उघडे, वायरलेस म्हणतो.
मग म्हणतो, वीस.
दोन डोंगे, एक रबरी होडी;
तिचं इंजिन गाळ खाऊन बसलेलं.
मी नकाशावर चौकोन आखतो.
महारू नकाशाकडे बघतसुद्धा नाही.
भाकरीचा तुकडा तापीत टाकतो,
टॉर्च त्याच्यामागे फिरवायला लावतो मला,
आणि तुकडा वळला तिकडे बोट करतो.
"तठे."

मी चौकोन खोडले.

चार वाजून दहा मिनिटं. वायरलेसवर खरखर,
त्या खरखरीत म्हैस रेकली,
आणि तिच्यामागून, थकलेलं, चिडलेलं,
"इतला उशीर?"

एक रकाना अजून कोरा आहे :
शोधाची दिशा कोणत्या साधनाने निश्चित केली.
महारू उरलेली भाकरी
मिरचीशी खातोय.