रकाना पाच : रिकामी

कन्ना चौकात, बंद मेडिकलच्या पायरीवर
सातपासून बसलेय.
मांडीवर पॅड, पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन.
पेन परत द्यायचं, मुजावर साहेबांनी दोनदा सांगितलं.
मजुरी साडेचारशे, वर एक वडापाव.

काम सोपं आहे.
रिक्षा आली की उभी रेघ,
चार झाल्या की पाचवी आडवी.
रकाना तीन : भरलेली. रकाना पाच : रिकामी.
रकाना सात : उभे राहिलेले प्रवासी,
आणि किती मिनिटं उभे राहिले.
यावरून म्हणे ठरतं
सोलापूरला किती रिक्षा पुरतात.
मग समिती बसते,
नवीन परमिटं सोडायची की नाही ते बघते.
नऊ वर्षं बसतेय.
नऊ वर्षं म्हणतेय, पुरे आहेत.

पावणेआठला विड्यांच्या पिशव्या घेऊन बायका आल्या,
ब्रँचला माल द्यायला.
यादम्मा बोम्मा सगळ्यांच्या मागं, टाचेला चिंधी बांधलेली.
थांबल्या. रिक्षाकडं बघितलं.
कमरेची पिशवी वरूनच चाचपली,
आत हात घातला नाही,
आणि चालायला लागल्या.
मी फोन लावला, साहेब, हे कुठं लिहू?
हात केला का त्यांनी रिक्षाला?
नाही.
मग ती मागणी नाही.

आठ दहा.
मागच्या काचेवर पांढऱ्या रंगात :
परमिटधारक हणमंतु चिट्याल.
हणमंतु मामा जाऊन सहा वर्षं झाली,
काचेवर मात्र
ते रोज पहाटे पाचला बाहेर पडतात.
त्यांच्या पोराला रात्री दोनशे मोजून देऊन
खाली खाकी शर्टात बसतो
तो माझा नायना.

वेग कमी केला. मान बाहेर काढली.
तिन्नावा?
मी मान हलवली, खाल्लं म्हणून.
पुढं गेला. रिकामाच.
रकाना पाच, एक रेघ.

नऊ वाजता परत आला,
पायरीवर पाण्याची बाटली ठेवून गेला.
रेघ.
पावणेदहाला ऊन पायरीवर चढलं
तेव्हा त्याची टोपी माझ्या मांडीवर येऊन पडली.
रेघ.
चौथ्यांदा नुसतंच बघितलं,
पोरगी सरकारी कागद भरतेय, हे.

नायना, येऊ नको ना.
तू आलास की कागदावर
रिक्षा उगाच फिरताहेत असं दिसतं.
तुझा अर्ज त्यांच्या कपाटात आहे,
आणि त्याच्यावर एकेक रेघ
मीच ठेवतेय, हिशेबानं,
वळणदार.

गाळता आली असती एखादी.
कोण बघत होतं?
पलीकडच्या चादरीच्या दुकानातला पोऱ्या
शटर वर ढकलत होता, पाठ इकडं.
पेन उचललं,
आणि चारांवर पाचवी आडवी ओढली नाही एवढंच.
पाचवी झालीच नव्हती म्हणा.

साडेदहाला तीच काच परत.
आत यादम्मा,
मांडीवर नव्या पानांचं गाठोडं,
पाय जरा उचलून धरलेला.
पैसे घेतले नसणार, मला माहीत आहे,
घरी आईशी यावरून भांडण होणार तेही.
रकाना तीन, भरलेली, लिहिलं.
रकाना सात कोराच.
त्यांनी हात कुठं केला होता.

अकराला साहेब आले, तिथंच उभ्यानं बेरीज मारली.
म्हणाले, बघ, निम्म्याच्या वर रिकाम्या,
अजून कशाला पाहिजेत यांना?
सही केली. पेन सोडवून दिलं.
सुतळीची गाठ सुटायला वेळ लागला.

मग रस्ता ओलांडून मी रिक्षात बसले.
मोजणी संपली होती,
आम्ही दोघं कुठल्याच रकान्यात नव्हतो.
अर्धा वडापाव कागदातून काढून पुढं केला.
तिन्नावा?
त्यानं किक मारली, म्हणाला,
आता सीएनजीची रांग कमी झाली असेल,
जाऊन बघू.