पाऊण किलो

सिमरोलच्या पुढं, घाट लागायच्या आधी,
शाळेच्या ओट्यावर दर मंगळवारी मी काटा मांडते.
थावरीबाई, सातवा महिना.
मागच्या खेपेला एक्केचाळीस. आज पावणेबेचाळीस.
मी खूश. लिहूनही टाकलं.

"काही खावंसं वाटतं का गं?"
"चुलीची माती," ती लाजून म्हणाली,
जशी रामबागेत आमची वहिनी म्हणाली होती
आंबेडाळ.

तक्त्यावर छापलंय : रोज साडेतीनशे कॅलरी जादा.
मी पानियांत सांगते –
दोन पानिये जास्त, वर वाटीभर डाळ,
आणि जेवायला सगळ्यांच्या आधी बस.
यावर ती हसलीच.
सासू म्हणते, पोर पोटात मोठं झालं की अडतं.
शिवाय सोयाबीन अजून अर्धं उभंय.

काट्यावरून उतरताना कमरेचा खोचा सुटला.
मघाशी रांगेत दिलेलं सत्तूचं पाकीट.
"धाकटीला नेते. तिला चढ चढवत नाही."

मी रजिस्टरात खोडरबर शोधतेय.
ती ओट्याच्या कडेला, मी बसवलीय म्हणून बसलेली,
माझ्या डब्यातली पोळी
माझ्याकडं पाठ करून
खातेय.