तेरा घरं

परळ, खोली क्रमांक नऊ.
जेलीनं शहारलेली हर्षाली वैती, वय चौदा,
छताच्या पंख्याकडे बघत.

गुलाबी कागद सरकतो.
लेकीच्या कंपासपेटीतला कर्कटक मी टेकवते
क्यूच्या पायथ्याशी, टीच्या उताराला.
तेरा बारीक घरं.
पुन्हा मोजते. तेराच.
दहा असती तर चहाला गेले असते.

"गजर वाजला की कोसळते," आई म्हणते, "नाटकी मेली."
मग आवाज उतरवून,
"हिचा मामा... रात्री फोन वाजला, आणि..."

पुढचं ती बोलत नाही.
लाल पेनाचा गोल काढून
मी डॉक्टरांकडे निघते, न धावता,
पण चप्पल खोलीतच राहते.

सहा महिन्यांनी विचारलं, आता उठवता कशी?
"तळव्याला बोट लावते," आई म्हणाली,
"आणि थांबते."