देणे बाकी

फादर म्हणाले, स्मरणिकेसाठी दोन पानं लिही, सेराफिना.
दीडशे वर्षांचा इतिहास.
पायाभरणी, बिशपस्वामींची भेट, नवी घंटा,
शाळेचा निकाल.
फोटोला जागा सोड.

सात दिवस बसले साक्रिस्तीतल्या कपाटापाशी.
रजिस्टरं अजून फुगलेलीच आहेत.
सव्वीस जुलैला मिठी नदी वेदीपर्यंत चढली होती,
मग सिस्टर एव्हलिनाने एकेक पान
कॉन्व्हेंटच्या इस्त्रीखाली वाळवलं.
बाप्तिस्म्याच्या एका पानावर
इस्त्रीचं तपकिरी टोक उमटलंय.
अठराशे एक्याऐंशीचं एक अख्खं कुटुंब त्याच्या आत.

पाया कुणी घातला ते सापडलं, तीन ओळी, लातिनमध्ये.
चुना कुणी मळला ते नाही.
फक्त एका हिशेबात:
गूळ, चुन्यात घालायला, दोन ढेपा.
पैकी एक मुलांनी खाल्ली.

मग प्लेगचं वर्ष.
दफनाच्या वहीत अक्षर तीनदा बदलतं.
पहिलं पाद्रींचं, तिरकं, शेपट्या काढणारं.
दुसरं बस्त्याव मास्तरांचं, फेब्रुवारीपर्यंत.
तिसरं पेन्सिलीचं, कुणा मुलाचं असावं,
ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकलेले,
नाव एकही गाळलेलं नाही.
त्याच वर्षी गावठाणाच्या वेशीवर खुरीस उभा राहिला
आणि देवळामागच्या पडवीत अनाथालय.
कुणी ठरवलं नव्हतं.
मुलं उरली होती.

मुलं होती म्हणून शाळा.
शाळा होती म्हणून खरूज,
खरजेसाठी दवाखाना, दवाखान्याला सिस्टर,
सिस्टरांना कॉन्व्हेंट, कॉन्व्हेंटला विहीर,
विहिरीवरून गावाशी भांडण,
आणि भांडण मिटावं म्हणून पतपेढी.
हे शेवटचं कसं ते मला अजून कळलेलं नाही,
पण ठरावांच्या वहीत तसंच लिहिलंय.

मराठी शाळा बंद झाली त्या वर्षासमोर
फादरांनी आधीच शब्द लिहून दिला: नूतनीकरण.

एकोणीसशे अठरा. ताप आणि महागाई.
पडवीत एकेचाळीस मुलं.
उकेडा वेलजी, दाणेवाला, कुर्ला:
तांदूळ, अकरा पोती, उधार.
समोर 'चुकते' असा शेरा नाही.

पुढची चौदा वर्षं चाळली.
घंटेचे चुकते, ऑर्गनचे चुकते,
बिशपस्वामींच्या जेवणाचे, कोंबड्यांसकट, चुकते.
उकेडा.
त्याच्याही आईनं, दृष्ट लागू नये म्हणून,
उकिरड्याचं नाव ठेवलं असेल पोराला.
टाकलेल्या मुलांना त्यानं तांदूळ का दिला
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

दुकान शोधायला गेले.
तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
पोरगा म्हणाला, आंटी, मॉडेल कुठलं?

एकेचाळिसांच्या यादीत एक कोस्तांस,
वय सहा, आडनावाची जागा कोरी.
तिनेच पुढे पहिलीला एकतीस वर्षं शिकवलं,
माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं.
पुस्तकात होता भटजीचा भ.
ती म्हणायची, भाताचा भ,
आणि उभी रेघ जरा जास्तच दाबायची,
पेन्सिल मोडेपर्यंत.

फादरांना सांगितलं.
ते मुलासारखे आहेत मला, वाईट नाहीत.
म्हणाले, सणाच्या वर्षी उधारी कशाला?
लोक विचारतील.
डोक्यावरून विमान उतरत होतं,
त्यामुळे मी काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकू गेलं नाही,
आणि मी परत सांगितलं नाही.

काल छापखान्यातून फोन आला.
बाई, फोटोच्या जागी एकच ओळ आलीय,
'देणे बाकी: अकरा पोती'.
हिशेबाचा कागद चुकून मिसळला का?

नाही, म्हटलं, राहू दे.
आणि अक्षर जरा मोठं घे.