बामणोलीहून, फोनवर

विचारलंस ना, लागतंय का.
नाही लागत.
पाणी इतकं खाली गेलंय की होडीपर्यंत
दोनशे पावलं चिखल, चपला हातात.
वरचं पाणी दुपारी कोमट,
भांडी विसळून उरल्यासारखं.
कटला वर येत नाही. काठाला चिलापी,
तीही बोटभर.
मासा सगळा जुन्या पात्रात उतरलाय.
धरणाच्या आत अजून नदी आहे,
तिथं गार आहे.

ते पात्र कुठं, हे तुझ्या मोबाइलातल्या नकाशाला ठाऊक नाही.
हौसाआत्याला आहे.
काल पहाटे गेलो, वारा पडलेला.
तिनं वल्हं उभं पाण्यात धरलं, थोडं थांबली,
म्हणाली, सोड.
ओढताना जाळं तीनदा अडकलं.
ती मागं न बघता:
हा सपकाळांचा फणस.
ही आमची चिंच.
हे... थांब, हे नवीन आहे.

पाच वाव जाळं फाटलं.
मिळाला एक शिंगटा, सव्वादोन किलोचा,
आणि ओंजळभर झिंगे.
शिंगटा मेढ्याला दिला. भाव विचारू नकोस.

आता ती पडवीत शिवत बसलीय.
भोकावरून बोट फिरवते, म्हणते,
चिंच सरळ फाडते,
फणस वेडावाकडा.
मी हसले.
मग दोन्ही भोकं उजेडात धरून बघितली.

ज्येष्ठ लागेपर्यंत हे असंच.
संध्याकाळी घाटाकडून वारा उठतो,
तेव्हा होडी काढत नाही, काळजी नको.
येताना नायलॉनचं रीळ आण.
हिरवं नको, पांढरं.
हिरवं तिला दिसत नाही.