समुद्रसपाटीपासून उंची

पहाटे साडेचारला नागपूर स्टेशनात
पार्सल ऑफिससमोर थर्माकोलची खोकी उतरतात,
तेव्हा फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी
ट्यूबलाइटखाली नीट वाचता येते.
समुद्रसपाटीपासून उंची, तीनशे नि वर काही मीटर.
आईला अक्षर येत नाही.
मी एकदा वाचून दाखवलं,
तेव्हापासून तिला वाटतं
समुद्र आपल्याच घराखाली आहे,
तळघरात ठेवल्यासारखा.

आम्ही ढिवर. आमचं पाणी गोडं.
आजोबा तलावाचा लिलाव धरायचे,
मरळ हातानं चाचपून काढायचे गाळातून.
मग तलावाला दिवे आले, कारंजं आलं,
जाळ्याला बंदी आली,
आणि आई बर्फातला समुद्र विकू लागली.

भोईपुऱ्यात डावीकडून तिसरी फळी. दुर्पता नान्हे.
तिनं समुद्र पाहिलेला नाही.
पण त्याची तब्येत तिलाच विचारा.
बांगड्याचे कल्ले ती असे उघडते
जशी दवाखान्यातली बाई
लेकराची पापणी खाली ओढून रक्त बघते,
आणि म्हणते, "यंदा लय तपला थो."
तारली तीन वर्षं झाली, येते तर बोटभर, नाहीतर नाहीच.
पापलेट ताटभर असायचं,
आता बशीत मावतं, वर चमचाही राहतो.
"लेकरं धरून पाठवून राह्यले," ती म्हणते
आणि त्या दिवशी भाव ओरडत नाही.

माल पाठवतो दिगंबर कुबल.
देवगडच्या खाली कुठेतरी त्याचं गाव.
नऊ वर्षं झाली, भेट एकदाही नाही.
आधी फोनवर नुसते आकडे असायचे:
किती किलो, किती बर्फ, कुठली गाडी.
मग मध्येच वादळांची नावं येऊ लागली.
बावटा लागलाय, अठरा दिवस होड्या वर ओढल्यात.
माडांची पुढची रांग गेली.
मग मागची.
मग विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना.
आणि एका रात्री, किलो न सांगता,
"दर्या शाळेच्या पायरेर इलो."

आम्ही काय बोलणार?
आमच्याकडे नवतपा चालू होता.
झाकण उघडलं की बर्फाचं पाणी,
दुपारपर्यंत त्या पाण्याचा वास.
चाळीस किलो सुरमई मी हातगाडीवरून नेली
आणि खड्ड्यात पुरली,
कोणाच्या तरी मयताला जावं तसा, खालमानेनं.

मग तो सप्टेंबर.
नदीकाठच्या आमच्या गल्लीत
रात्री दोनला पाणी शिरलं, कमरेएवढं.
रिकामी खोकी तरंगत स्वयंपाकघरात गेली,
एक देवळीशी जाऊन अडकलं.
आई माळ्यावर बसून होती, मांडीवर तराजू.
उजाडताना म्हणाली,
"कुबलले सांगजो, थो इथंही येऊन गेला म्हणा."

मी सांगितलं नाही.
कारण नंतरच्या फोनला त्यानंच विचारलं,
तुमच्याकडे जागा काय भावानं मिळते?
दोन खोल्या चालतील. बायको पापड करते.
"तुमका थंय बरां. थंय दर्या येवचो नाय."
फोनमध्ये मागे लाटा ऐकू येत होत्या,
किंवा मिक्सर चालू असेल.

काल पाटी रंगवायला माणूस आला होता.
पिवळा हात देऊन झाला होता,
काळ्या आकड्यांना ब्रश लावत होता.
आई खोक्यावर बसल्या बसल्या म्हणाली,
"काहून रे बाबू, समुद्र वर चढला
त हा आकडा कमी करा लागन का?"
तो हसला. ब्रश तसाच हातात.
"मावशी, आकडा वरून येते. आपलं काम रंगाचं."
मग शिडीवरून उतरला,
थोडा मागे सरला,
आणि पाटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

गाडी चाळीस मिनिटं लेट होती.
आली तेव्हा
सहाच्या जागी दोनच खोकी उतरली.